पंधरा दिवसांच्या बोलीवर

थोरल्यानं तीन आठवड्यांची रजा काढलीय असं कळलं, तेव्हा बाईंना आधी शंकाच आली. एरवी मुलगा येणार म्हटलं की आईचं काळीज सुपाएवढं होतं. पण गेली सहा वर्षं हा मुलगा यायचा तो दोन दिवसांपुरता, पाहुण्यासारखा. बॅगेतले कपडेसुद्धा बाहेर काढायचा नाही. त्यानं एकदम तीन आठवडे यावं, तेही बायको-मुलीला मागे ठेवून, हे काही सरळ लक्षण नव्हतं.

आल्या दिवशी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आईशेजारी उभा राहून भांडी पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "आई, मी बाबांना कानाचं मशीन घेऊन द्यायला आलोय."

"ते कसले घेतायत! सांगून सांगून जीभ झिजली सगळ्यांची."

"या वेळी घेणार आहेत. विचारलंय मी." त्यानं पातेलं पालथं घातलं. "आणि एकदा त्यांना नीट ऐकू यायला लागलं, की मला त्यांच्याशी बोलायचंय. तू मध्ये नसताना."

मग त्यानं फडकं झटकलं, कोपऱ्याला कोपरा जुळवून दांडीवर टाकलं आणि बाहेर गेला. रागावलेला माणूस फडकं असं टाकत नाही. बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

काय बोलायचं असणार, ते त्यांना विचारावं लागलं नाही.

बाई म्हणजे ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडून दिल्या होत्या. यजमान लोखंडाच्या कारखान्यात घणखात्याचे फोरमन. तिथे वाफेचा घण दिवसभर असा आदळायचा, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही हातवाऱ्यांनीच बोलावं लागे. निवृत्तीच्या दिवशी फोरमनना कारखान्यानं शाल दिली आणि कान ठेवून घेतले, असं ते स्वतःच हसत हसत सांगायचे. पुढे पुढे घरात कुणीही काही बोललं, की ते बायकोकडे बघायचे. "अगं, काय म्हणतोय हा?" बाई त्यांच्या तोंडासमोर येऊन, ओठ नीट हलवून सांगायच्या. सांगताना टोकदार शब्दाचं टोक मोडायच्या, कडू असेल ते गिळून टाकायच्या. सुनेनं टोमणा मारला तर "तुमची तब्येत विचारतेय" म्हणायच्या. लाइन जोडणारीच्या हातात एवढं असतंच. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. डॉक्टरांनी मशीन घ्यायला सांगितलं तेव्हा फोरमननी हात झटकले होते, "मला ऐकायचं तेवढं येतं ऐकू." त्या वेळी बाईच पुढे होऊन म्हणाल्या होत्या, "राहू द्या हो. मी आहे ना."

फक्त धाकटी लेक भांडली होती. तिला घरात बारकी म्हणायचे. तिनं परस्पर कानाच्या दवाखान्यात वेळ ठरवून ठेवली, आणि बाप गेलाच नाही, म्हणून चार दिवस अबोला धरला.

त्यानंतर वर्षानं बारकी न्यूमोनियातून उठून विश्रांतीला माहेरी आली. दम्याची जुनी रड होतीच. एका दुपारी बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. फोरमन बाहेरच्या खोलीत, दाराकडे पाठ करून, पेपर वाचत बसलेले. बारकी आतल्या खोलीत. तिला दमा लागला. तोंडात मारायचा पंप स्वयंपाकघरात राहिला होता. तिच्या हाताशी मोबाइल होता, तिनं भावाला लावला. बोलायला श्वास पुरेना म्हणून तिनं फोन तसाच चालू ठेवला आणि बापाला हाका मारत राहिली. दुसऱ्या गावातून थोरल्यानं त्या सगळ्या ऐकल्या. त्यानं दुसऱ्या फोनवरून अॅम्ब्युलन्स बोलावली आणि मग घरचा फोन लावला. तो फोन फोरमनच्या खुर्चीपासून दोन हातांवर होता. वीस मिनिटं वाजत होता.

बाईंनी दार उघडलं तेव्हाही वाजतच होता. त्यांनी उचलला. थोरला एवढंच म्हणाला, "आधी आत जा."

बारकी पलंगावरून अर्धी खाली आली होती, श्वास थांबलेला. बाईंनी तिला उचलून वर निजवलं, चादर सारखी केली, मोबाइल बंद करून टेबलावर ठेवला. हे सगळं केल्यावर मग बाहेर येऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या तोंडासमोर ओठ हलवून त्या म्हणाल्या, "झोपेतच गेली हो. काही कळलं नाही तिला." अॅम्ब्युलन्स त्यानंतर आली; ती आपणच बोलावली, असं त्यांनी सांगितलं.

सहा वर्षं हीच लाइन जोडलेली होती.

*

फोरमन या वेळी मशीनला तयार झाले ते नातीपायी. थोरल्याची तीन वर्षांची मुलगी व्हिडिओवर आजोबांशी भरभरून बोलायची आणि आजोबा नुसते मान डोलवायचे. एकदा ती रडत होती आणि हे हसत राहिले. ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

ऑडिओलॉजिस्ट तरुण होती. फोरमननी तिला "कानाची मॅडम" करून टाकलं. तिनं त्यांना कपाटाएवढ्या एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून बाई बघत होत्या. कित्येकदा मॅडमच्या बोटाखालून आवाज सुटायचा आणि आत फोरमन शांत, प्रसन्न चेहऱ्यानं बसलेले असायचे. बटणावरचा अंगठा हलायचा नाही. त्या चेहऱ्याकडे बाईंना बघवेना. त्या दुपारी पेपर वाचतानाही तो असाच असणार.

कागदावर रेघ उमटली. सुरुवातीला बरी, पुढे कड्यावरून ढकलून दिल्यासारखी.

"तुम्हाला आवाज येतो, पण शब्द लागत नाही. बरोबर?" मॅडम समोर बसून सावकाश म्हणाली. "जाड आवाज कळतात. स, श, फ, ट ही बारीक अक्षरं गळून जातात. बायकांचे, मुलांचे आवाजही गळतात."

"म्हणून नात म्हणजे मला नुसती चिवचिव," फोरमन म्हणाले.

त्यांना कानाच्या आत बसणारं, कुणाला न दिसणारं एवढंसं मशीन आवडलं. मॅडमनं त्याचा सेल त्यांच्या तळव्यावर ठेवला. "हा उचलून या खाचेत बसवा बघू." फोरमनच्या बोटांतून तो तीनदा टेबलाखाली गेला. "अहो, जन्मभर घण चालवला त्याला तुम्ही मोहरी वेचायला लावताय!" सगळे हसले. मग कानामागे बसणारं, रोज चार्जिंगला लावायचं मशीन ठरलं.

"एकच घेतलं तर?" बाईंनी विचारलं.

"एका कानावर दिशा कळत नाही, काकू. कुणी हाक मारली तर ती कुठल्या खोलीतून आली, हे कळायला दोन्ही लागतात."

"दोन्ही द्या," थोरला म्हणाला. इतका वेळ तो भिंतीला टेकून उभा होता.

पंधरा दिवसांच्या बोलीवर मशीन मिळणार होतं. जमलं तर ठेवायचं, नाहीतर परत. मॅडमनं आवाज पहिल्या आठवड्यासाठी मुद्दाम कमी ठेवला, कारण इतक्या वर्षांनी एकदम सगळं ऐकू आलं तर माणूस भांबावतो. मग तिनं थोरल्याच्या हातात एक यादी दिली. "घरच्या आवाजावर बघू या. तुम्ही त्यांच्या मागे उभे राहा आणि एकेक शब्द म्हणा. फार मोठ्यानं नको."

थोरला बापाच्या मागे जाऊन उभा राहिला. "घड्याळ."

"घड्याळ!" फोरमन म्हणाले.

"सायकल."

"सायकल. अरे वा!"

"फाटक."

"पाटक... फाटक!"

थोरल्यानं यादी खाली केली. आवाज उतरवून, श्वास तुटल्यासारखा तो म्हणाला, "बाबा... इकडे या."

बाईंनी पर्स घट्ट धरली. हे शब्द त्यांनी एकदाच ऐकले होते. मुलानं त्या दिवशीच्या सगळ्या हाका एकदा त्यांना सांगितल्या होत्या, आणि त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

फोरमन हसायचे थांबले. ते सावकाश मागे वळले. मुलाकडे बघितलं, मग त्याच्या पलीकडच्या बंद दाराकडे.

"हे कोण म्हणालं?"

"मीच, बाबा," थोरला म्हणाला. "यादीत होतं."

"किती छान करतात हो तुमचे चिरंजीव," मॅडम बाईंना म्हणाली. "सगळ्यांची मुलं एवढा वेळ नाही देत."

*

घरी पहिले दोन दिवस फोरमन लहान मुलासारखे झाले. पेपरचं पान उलटलं की दचकायचे. नळाची धार, कुकरची वाफ, स्वतःचं चावणं, सगळं त्यांना नवं. "अगं, तुझ्या चपला बोलतात!" म्हणाले. नातीनं व्हिडिओवर "आजोबा, तुमच्या कानात काय आहे?" विचारलं, आणि ते बायकोकडे न बघता म्हणाले, "माझ्या कानात तू आहेस." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी त्यांचं लक्ष थोरल्याकडे गेलं. तो बापाच्या चेहऱ्याकडे बघत होता, गॅसवरचं दूध कुठवर आलंय ते बघावं तसा.

मग बाईंनी नको ते करायला सुरुवात केली. मशीनवर एक बारीक बटण होतं. फोरमन आंघोळीला गेले की त्या ते दाबून आवाज दोन घरं खाली आणायच्या. एकदा कानात जाणारी रबराची टोपी काढून ट्रंकेखाली सरकवून दिली. "डोकं दुखत असेल तर ठेवा काढून, जबरदस्ती थोडीच आहे," असंही सुचवून पाहिलं. एक्सचेंजमध्ये त्यांनी कधी कुणाची चालू लाइन तोडली नव्हती. आता स्वतःच्या घरात तोडत होत्या.

थोरला बापाजवळ बसायचा, मशीन हातात घ्यायचा, आवाज परत होता तिथे आणायचा. टोपी हरवली त्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन चार जादा टोप्या घेऊन आला आणि डबी आईच्या समोर ठेवली. "हरवतात म्हणे. म्हणून जास्तीच्या आणल्या."

आठव्या दिवशी मॅडमनं आवाज वाढवला. त्यानंतर थोरल्यानं रोज चाचणी घ्यायला सुरुवात केली. आधी स्वयंपाकघरातून. मग बोळातून. बाराव्या दिवशी दुपारी तो बारकीच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. ती खोली सहसा कुणी उघडत नसे. बाहेर फोरमन खुर्चीत ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

आतून आवाज आला, "बाबा, किती वाजले?"

"पावणेचार!" फोरमननी आनंदानं मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? दाराआडून! दार बंद असताना!"

थोरला बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता. रात्री फोरमननी मशीन काढून ठेवल्यावर तो आईला म्हणाला, "उद्या दुपारी. तू शेजारच्या काकूंकडे जाऊन बस."

"अरे, सत्तर पार केलेला माणूस आहे तो. काय मिळणार तुला?"

"मला काही मिळवायचं नाहीये," तो म्हणाला. "सहा वर्षं तो आवाज मी एकटा ऐकतोय, आई. रोज. तू त्यांना वाचवलंस. मला कुणी वाचवलं?"

बापाला झळ लागू नये म्हणून त्यांनी जी चादर सारखी केली होती, तिच्याखाली हा मुलगाही गाडला गेला होता. ते आजवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला केस कापायला बाहेर पडला. बाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत आल्या. फोरमन पेपर वाचत होते. बाई नेहमीसारख्या त्यांच्या तोंडासमोर गेल्या नाहीत. मागेच उभ्या राहिल्या.

"अहो."

"बोल. येतंय ऐकू."

"बारकी झोपेत गेली नाही."

पेपर हलला नाही. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. मग फोरमन म्हणाले, "पुढे."

बाईंनी सांगितलं. दमा, पंप, मोबाइल, भावाला लावलेला फोन. आवाज एकसारखा ठेवून, ट्रंककॉलवर निरोप वाचून दाखवावा तसं सगळं सांगितलं. टोकं मोडली नाहीत. हाका सांगितल्या. घरचा फोन सांगितला. चादर सांगितली.

"फोन किती वेळ वाजत होता?"

"वीस मिनिटं."

"हाच फोन?"

"हाच."

फोरमननी मान वळवून फोनकडे बघितलं. मग हात लांब केला. बोटं फोनला टेकली. खुर्चीतून उठावंही लागलं नाही.

"मी काय करत होतो?"

"पेपर वाचत होता."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज खोलीत मोठा झाला. बाईंना वाटलं, आता ते मशीन काढून फेकतील. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्या दिवशी मॅडमच्या खोलीत," फोरमन म्हणाले, "तो तिच्यासारखं बोलत होता."

"हो."

"मला वाटलंच. मला वाटलं बारकीच आली."

"चूक माझीच आहे," बाई म्हणाल्या. "मशीन घेऊ नका असं मीच म्हणाले होते. मी आहे ना म्हणाले. आणि त्या दिवशी मी नव्हते."

फोरमननी त्यावर होय म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. रागावले असते, रडले असते, तर बाईंनी सावरलं असतं, त्याची त्यांना सवय होती. पण ते नुसते बसून राहिले, आणि बाईंच्या लक्षात आलं की आपलं बोलणं संपलंय, आणि यांना आता आपल्याकडून दुसरं काही नको आहे.

दार वाजलं. थोरला आत आला. मानेवर बारीक केस चिकटलेले. त्यानं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि त्याला कळलं. सहा वर्षं ओझं वाहून आणावं आणि दारात पोचल्यावर ते दुसऱ्यानं उतरवून घ्यावं, तसा तो उभा राहिला. हात रिकामे.

"तू सांगितलंस?" त्यानं आईला विचारलं. "तेही तूच?"

"ये, बस," फोरमन म्हणाले. "इथे. माझ्यासमोर."

तो बसला.

"ती शेवटी काय म्हणाली? आईनं सांगितलं ते नको. तू ऐकलंस ते सांग, जसंच्या तसं."

थोरल्यानं तोंड उघडलं. याच घटकेसाठी तो तीन आठवड्यांची रजा काढून आला होता. पण आता बापाचे डोळे त्याच्या ओठांवर नव्हते, ते सरळ त्याच्या डोळ्यांत होते. तो हुंदके देऊ लागला.

"सांग," फोरमन म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला ऐकू येतंय."

बाई वळून आत जाऊ लागल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. पंधरा-वीस मिनिटं बाहेरून थोरल्याचा आवाज येत राहिला, मध्येच तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बाईंनी नळ सोडून ठेवला होता.

*

थोरला दुसऱ्याच दिवशी गेला. रजा शिल्लक होती, पण थांबला नाही. जाताना बापाच्या पाया पडला, आईला "येतो" म्हणाला.

पंधराव्या दिवशी फोरमन आणि बाई दोघंच मॅडमकडे गेले. मशीन ठेवायचं की परत करायचं, ते सांगायचं होतं. मॅडमनं मशीन संगणकाला जोडलं. ते रोज किती तास लावलं जातं, हे त्यात दिसायचं.

"गेले दोन दिवस रोज बावीस तास?" ती हसली. "झोपताना काढत नाही का? कानाला थोडी हवा लागू द्या."

"नाही काढत."

"आणि चार्जिंग?"

"दुपारी दोन तास. तेवढा वेळ मी लेकीच्या खोलीत बसतो."

मॅडमला त्यातलं काही कळलं नाही. तिनं मान डोलवली. "छान. म्हणजे ठेवायचं?"

"ठेवायचं. पण आवाज वाढवून द्या."

"आता पुरेसा आहे. यापुढे नेला तर उरलेल्या कानांना त्रास होईल."

"होऊ द्या. वाढवा."

मॅडमनं त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, एकही शब्द न चुकता, आणि पुन्हा तेच म्हणाले. शेवटी तिनं एक घर वाढवून दिलं.

त्या रविवारी सकाळी फोन वाजला. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, पण पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोरमननी उचलला होता. थोरला होता. आधी नातीशी बोलणं झालं, मग मुलाशी. फोरमन पाठ करून बसले होते. "हं," म्हणत होते. "हं. सांग. नाही, थांबू नको, सांग."

बाई दारात उभ्या राहिल्या. पलीकडून काय बोललं जातंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासानं फोरमननी फोन ठेवला आणि खुर्ची उचलून बारकीच्या दारासमोर नेऊन ठेवली.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

त्यांनी ऐकलं होतं. मान किंचित वळली होती. पण उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारीही आलं नाही.